फ्रान्समधल्या बेकरीत पहिल्यांदा जाताना

पॅरिसच्या सहलीचं वेळापत्रक आखताना आयफेल टॉवर, लूव्र, सेन नदीतली फेरी हे सगळं तासांच्या हिशेबात बसवलं जातं आणि खाण्याचं मात्र 'तिथे गेल्यावर बघू' असं होतं. मग हॉटेलच्या बुफेमधला गार, चिवट क्रुआसाँ, म्हणजे लोण्याच्या पदरांचा तो फ्रेंच रोल, खाऊन माणूस परत येतो आणि विचारतो, एवढं काय असतं त्यात? त्या क्रुआसाँत खरंच काही नसतं. तो बहुधा कारखान्यातून गोठवून आलेला असतो आणि तासन् तास तिथे पडून असतो. तिथल्या बेकरीचं सगळं गणित वेळेवर चालतं. योग्य वेळी जायचं, थोडंच घ्यायचं, लगेच खायचं आणि भूक लागली की पुन्हा जायचं. हे जमलं की फ्रेंच येत नसलं तरी फारसं अडत नाही.

दुकान ओळखणं

पाटीवर 'बुलाँजरी' लिहिलेलं असेल तर तो शब्द कायद्याने बांधलेला आहे. १९९८ च्या कायद्यानुसार, ज्या दुकानात पीठ मळणं, आंबवणं, पावाला आकार देणं आणि भाजणं हे सगळं जागेवरच होतं, आणि पीठ किंवा पाव कुठल्याही टप्प्यावर गोठवला जात नाही, त्यालाच हे नाव लावता येतं. बाहेरून तयार किंवा गोठवलेला माल आणून नुसता भाजून विकणाऱ्यांना दुसरं काहीतरी नाव शोधावं लागतं. 'पातिसरी' म्हणजे केक-पेस्ट्रीचं दुकान. बऱ्याच ठिकाणी दोन्ही पाट्या एकाच दारावर असतात.

यात एक मोठी पळवाट आहे. कायदा पावाचा आहे, क्रुआसाँचा नाही. त्यामुळे बगेट, म्हणजे काठीसारखा लांब पाव, स्वतः भाजणारा बेकरीवालाही क्रुआसाँ गोठवलेले आणून भाजू शकतो, आणि असं करणारे कमी नाहीत. काचेत 'फे मेझों', म्हणजे इथेच केलेलं, अशी चिठ्ठी दिसली तर बरं. नसेल तर ट्रेकडे नीट बघा. सगळे क्रुआसाँ साच्यातून काढल्यासारखे एकसारखे दिसत असतील तर शंका घ्यायला जागा आहे. हाताने गुंडाळलेल्यांत एखादा जाडसर, एखादा किंचित वाकडा, एखादा कडेला जास्त भाजलेला असतोच.

पॅरिसमध्ये १९९४ पासून दरवर्षी उत्तम बगेटची स्पर्धा होते आणि जिंकणाऱ्याला वर्षभर राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे राजवाड्याला पाव पुरवण्याचा मान मिळतो. त्या स्पर्धेतल्या क्रमांकाचं स्टिकर काचेवर दिसलं तर वर्ष वाचा. दहा वर्षांपूर्वीचं बक्षीस असेल तर मधल्या काळात भट्टीवरचा माणूस बदललेला असू शकतो. माझं मत विचाराल तर बक्षिसापेक्षा रांग बघावी. सकाळी आठला किंवा संध्याकाळी सहाला, हातात पिशवी घेतलेली आसपासची माणसं जिथे रांगेत उभी आहेत, तिथे खुशाल उभं राहावं. कॅमेरे घेतलेल्या पाहुण्यांच्या रांगेबद्दल मात्र असं काही सांगता येत नाही.

नावाजलेल्या जागा बघायच्याच असतील तर माँतोर्ग्वेय रस्त्यावरचं 'स्तोरेर' हे १७३० सालचं पेस्ट्रीचं दुकान आहे. शेर्श-मिदी रस्त्यावरचं 'प्वालान' १९३२ पासून आंबवलेल्या पिठाचे जवळजवळ दोन किलोंचे गोल पाव भाजतं. साँ-मार्ताँ कालव्याजवळचं 'द्यु पँ ए देझिदे' पिस्ता-चॉकलेटच्या गुंडाळीसाठी प्रसिद्ध आहे, पण ते शनिवार-रविवारी बंद असतं. नेमकी सुट्टीच्या दिवशी तिथे गेलेली मंडळी बंद दाराचे फोटो काढून येतात. त्यामुळे वार बघून बेत ठरवा.

वेळ

सकाळी सात ते नऊ ही क्रुआसाँ आणि त्याच्या भावंडांची वेळ. ती सकाळीच भाजली जातात आणि दहा-अकरापर्यंत चांगली चांगली संपतात. दुपारी चारला उरलेला क्रुआसाँ घेण्यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा बदामाचा क्रुआसाँ घ्या. तो मुळातच आदल्या दिवशीच्या उरलेल्या क्रुआसाँचा करतात. पाकात भिजवायचा, आत बदामाचं क्रीम भरायचं आणि पुन्हा भाजायचा. शिळ्याचं सोनं करण्याची ही कला आपल्या फोडणीच्या पोळीच्या घराण्यातली.

दुपारी बारा ते दोन सँडविचची गर्दी. ऑफिसातली माणसं झटपट घेऊन निघतात, तेव्हा सावकाश चौकशा करायला ही वेळ नाही. संध्याकाळी साडेचार-पाचपासून पुन्हा भट्टी निघते, कारण लोक घरी जाताना रात्रीच्या जेवणाचा पाव नेतात. बगेट दिवसातून अनेकदा भाजली जाते, आणि तुम्ही आत शिरताना मागून टोपलीभर गरम बगेट येत असतील तर ठरवलेलं सगळं विसरून त्यातली एक मागा.

सुट्टीचा घोळ लक्षात ठेवा. बहुतेक बेकऱ्या आठवड्यातून एक-दोन दिवस बंद असतात आणि त्यात सोमवार बऱ्याचदा येतो. रविवारी सकाळी मात्र बऱ्याच उघड्या असतात आणि तुफान चालतात. लहान गावांत दुपारी जेवणाच्या वेळी शटर खाली येतं. ऑगस्टमध्ये मालकच सुट्टीवर जातो आणि दारावर परत कधी येणार त्याची चिठ्ठी लावून ठेवतो. राहण्याच्या जागेजवळच्या दोन बेकऱ्या पहिल्याच दिवशी हेरून ठेवल्या की कुठली ना कुठली उघडी सापडते.

आत गेल्यावर

आत शिरताक्षणी 'बोंजूर' म्हणायचं. समोर बाई असतील तर 'बोंजूर मादाम', पुरुष असेल तर 'बोंजूर मस्य'. ही निव्वळ औपचारिकता समजू नका. नमस्कार न करता थेट 'टू क्रुआसाँ' म्हणणारं गिऱ्हाईक तिथे उद्धट ठरतं, मग पुढचं सगळं कोरडेपणानेच होतं. फ्रेंच लोक तुसडे असतात, या आपल्याकडच्या तक्रारीतल्या निम्म्याअधिक गोष्टी या एका शब्दाअभावी घडत असाव्यात असा माझा अंदाज आहे.

रांगेत असतानाच काय हवं ते ठरवा. नंबर आल्यावर काचेसमोर उभं राहून घरच्यांशी मराठीत चर्चासत्र भरवू नका. पाव हाताळून, दाबून बघायचा नाही. बोट दाखवायचं, आकडा सांगायचा आणि शेवटी 'सिल व्हू प्ले', म्हणजे कृपया, जोडायचं. आकड्यांसाठी बोटं वापरणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा की तिथे अंगठ्यापासून मोजतात. नुसती तर्जनी वर केलीत तर बहुधा कळेल, पण अंगठा वर केला की 'एक' हे नक्की.

वस्तू काढून ठेवली की विक्रेती विचारेल, 'ए आव्हेक सेसी?' म्हणजे आणखी काय देऊ? संपलं असेल तर 'से तू, मेर्सी'. बसायला टेबलं असतील तर 'सुर प्लास' म्हणजे इथेच, 'आ आँपोर्ते' म्हणजे बांधून, असा प्रश्न येतो. बसून खाल्लं तर कर जास्त लागतो, म्हणून किंमत थोडी वाढू शकते. पैसे कार्डाने बहुतेक ठिकाणी चालतात, पण काही छोटी दुकानं ठरावीक रकमेच्या खाली कार्ड घेत नाहीत, तेव्हा खिशात युरोची नाणी असू द्या. काउंटरवर नाणी टाकायचं यंत्र दिसलं तर पैसे विक्रेतीच्या हातात न देता त्यातच टाकायचे, सुट्टे तेच परत करतं. पावती आता सरसकट छापून देत नाहीत, हवी असेल तर मागावी लागते. निघताना 'मेर्सी, बोन जूर्ने' म्हणा.

बगेट: 'त्रादिस्यों' मागा

नुसतं बगेट म्हटलंत तर साधी मिळेल. ती वाईट नसते, पण तीस-चाळीस सेंट जास्त मोजून 'यून त्रादिस्यों' मागा. या नावामागे १९९३ चा सरकारी हुकूम आहे. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, एवढंच घालायचं. फावा बीन्स, सोया आणि माल्टचं पीठ अगदी नाममात्र चालतं. बाकी कुठलीही रसायनं नाहीत आणि कुठल्याही टप्प्यावर गोठवणं नाही. पीठ निवांत आंबवलेलं असतं, म्हणून चव खोल येते. पॅरिसमध्ये हिला साधारण सव्वा ते दीड युरो पडतात, गावाकडे थोडे कमी.

चांगली त्रादिस्यों कशी ओळखायची? रंग फिकट पिवळा नको, तांबूस तपकिरी हवा. वर ब्लेडने दिलेल्या तिरक्या चिरा फुलून त्यांच्या कडा उचललेल्या असतात, आणि त्या कडा जवळजवळ करपल्यासारख्या दिसतात. तिथेच सगळी चव असते. विकत घेतल्यावर हातात घेऊन हलकेच दाबली की कडकड वाजते. मोडली की आतला गाभा पांढराफेक नसतो, सायीच्या रंगाचा असतो आणि त्याला लहानमोठी वेडीवाकडी जाळी पडलेली असते. कापसासारखा एकसारखा मऊ गाभा निघाला तर घाईत फुगवलेला पाव समजा. तळाला ठिपक्यांची जाळीदार नक्षी असेल तर ती सच्छिद्र ट्रेवर भाजलेली आहे. कारखान्याच्या मालावर ही खूण हमखास असते, पण काही प्रामाणिक बेकरीवालेही तसे ट्रे वापरतात, म्हणून नुसत्या तळावरून निकाल देऊ नका.

मागताना आणखी एक गंमत करता येते. जास्त भाजलेली हवी असेल तर 'ब्याँ क्वित', कमी हवी असेल तर 'पा त्रो क्वित'. तिथली माणसं यावरून हट्टाने भांडतात. मी जास्त भाजलेलीच्या बाजूचा आहे. एकटे असाल तर 'यून देमी', अर्धी, मागता येते आणि ती मागण्यात कसलाही कमीपणा नाही. मोठे गोल पाव वजनावर विकतात. हाताने अंतर दाखवलंत तर तेवढाच तुकडा कापून वजन करून देतात, आणि सांगितलं तर यंत्रावर चकत्याही करून देतात.

दुकानातून बाहेर पडल्यावर बगेटचं टोक मोडून चालता चालता तोंडात टाकणं हा तिथला सर्वमान्य हक्क आहे. घरी पोचेपर्यंत बगेट अख्खी राहिली तरच नवल. २०२२ साली युनेस्कोने बगेट बनवण्याचं कसब आणि तिच्याभोवतीची संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. या टोक मोडण्यालाही त्यात कुठेतरी जागा असायला हवी.

क्रुआसाँ आणि मंडळी

क्रुआसाँच्या कुळातल्या पदार्थांना तिथे 'व्हिएन्वाझरी' म्हणतात, व्हिएन्नाकडचे. ऑगस्ट त्सांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १८३० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या रिशलिय रस्त्यावर व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, तिथून ही लाट पसरली. आजचा पदर सुटणारा क्रुआसाँ मात्र फ्रेंच हातांनी नंतर घडवला.

त्यात घडतं काय ते कळलं की खाताना कुठे बघायचं तेही कळतं. यीस्ट घातलेल्या पिठाच्या पोळीत लोण्याची लादी गुंडाळतात, लाटून तिची तिहेरी घडी घालतात, गार करतात, पुन्हा लाटतात. असं तीनदा केलं की लोण्याचे २७ थर होतात. भट्टीत लोण्यातल्या पाण्याची वाफ होऊन पदर एकमेकांपासून सुटतात. म्हणून चांगला क्रुआसाँ आडवा तोडलात तर आत मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसायला हवेत, वरचा पापुद्रा शर्टावर सांडायला हवा आणि बोटांना लोण्याचा वास राहायला हवा, पण तेलकट थर नको.

यादीत दोन प्रकार दिसले तर 'ओ बर', लोण्याचाच, घ्या. दुसरा 'ऑर्दिनेर' म्हणजे मार्गारीनचा, लोण्याऐवजी वापरतात त्या वनस्पती तेलाच्या चरबीचा. रिवाज असा की लोण्याचा सरळ असतो आणि मार्गारीनचा चंद्रकोरीसारखा वाकवलेला, पण हा नियम सगळे पाळत नाहीत. पाटी वाचणं बरं.

मुलांसाठी 'पँ ओ शोकोला', त्याच पदरांच्या चौकोनी गुंडाळीत चॉकलेटच्या दोन कांड्या. बोर्दो-तुलूझच्या भागात याला 'शोकोलातीन' म्हणतात आणि त्यावरून पॅरिसवाल्यांशी कायमचा वाद आहे. तुम्ही त्यात पडू नका, बोट दाखवा. 'शोसों ओ पोम' म्हणजे सफरचंदाचा मुरांबा भरलेली पदरांची करंजी. हा प्रकार आपल्या लोकांना फार आवडतो आणि पर्यटकांच्या यादीत तो क्वचितच असतो. 'शुकेत' म्हणजे वर साखरेचे खडे लावलेले पोकळ, हलके गोळे. ते डझनावर किंवा वजनावर मिळतात आणि मेट्रोत बसेपर्यंत संपतात.

पॅरिसबाहेर गेलात तर तिथलंच मागा. ब्रिटनीत खारवलेल्या लोण्याचा आणि साखरेचा 'कुइन्यामान', बोर्दोत वरून काळसर आणि आतून लुसलुशीत 'कानले', आल्झासमध्ये उंच साच्यातला 'कुगलॉफ', दक्षिणेत ऑलिव्ह घातलेली पानासारखी 'फुगास'. पॅरिसमध्ये कुइन्यामान मिळतो, पण त्याच्या जन्मगावच्या, ब्रिटनीतल्या दोआर्ननेच्या, लोकांना तो दाखवू नये.

अंडं, मांस आणि बाकीची पथ्यं

आपल्याकडच्या पाहुण्यांचा खरा प्रश्न हाच असतो, म्हणून जरा सविस्तर.

त्रादिस्यों बगेट निर्धास्त खा. तिच्यात दूध, लोणी, अंडं काहीच नसतं. क्रुआसाँच्या पिठात सहसा अंडं घालत नाहीत, पण भट्टीत जाण्याआधी वरून अंड्याचा हात फिरवतात. ती चकाकी त्याचीच. शोसोंचंही तसंच. तुम्हाला एवढंही चालत नसेल तर हे दोन्ही सोडा. ब्रिऑश या मऊ, गोडसर पावात भरपूर अंडी असतात. मनुकांच्या 'पँ ओ रेझँ'मध्ये कस्टर्ड असतं, म्हणजे अंडं आलंच. एक्लेर, शुकेत, माकारों, मादलेन, फ्लाँ, कानले, या सगळ्या गोड पदार्थांत अंडं आहे. बिनअंड्याचा केक विचारण्यात वेळ घालवू नका, साध्या बेकरीत तो सहसा नसतो.

मूसचे गुळगुळीत, चकचकीत केक दिसायला देखणे, पण त्यांत बहुधा जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून येतं. 'बाबा' हा केक रममध्येच बुडवलेला असतो, कानलेतही रम असते. सँडविचमध्ये 'जाँबों' म्हणजे डुकराचं मांस. 'लार्दों' हे त्याचेच बारीक तुकडे, आणि ते कीश या खाऱ्या टार्टमध्ये, फुगासमध्ये कुठेही लपलेले असतात. 'क्र्युदिते', म्हणजे कच्च्या भाज्यांचं, असं लिहिलेलं सँडविच शाकाहारी वाटतं, पण त्यात उकडलेलं अंडं किंवा ट्यूना मासा निघू शकतो. टोमॅटो-मोझरेला किंवा बकरीच्या दुधाचं चीज, 'शेव्र', हे त्यातल्या त्यात सोपे. काटेकोर शाकाहारींसाठी आणखी एक: बरीच पारंपरिक फ्रेंच चीजं वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात.

फारसं कुणाला ठाऊक नसलेली एक सोय आहे. सुट्या मालाचीही अॅलर्जीकारक घटकांची माहिती लेखी ठेवणं तिथे २०१५ पासून बंधनकारक आहे. काउंटरवर 'ला लिस्त देझालेर्जेन, सिल व्हू प्ले' म्हणा. त्या तक्त्यात अंडं, दूध, दाणे, तीळ यांचे रकाने असतात. भाषेची अडचण न येता अंड्याचा निकाल लागतो. जिलेटिन आणि दारू मात्र त्या यादीत नसतात, ते तोंडी विचारावं लागतं.

कुठे खायचं, उरलं तर काय करायचं

बऱ्याच बेकऱ्यांत बसायला जागा नसते. कागदी पिशवी घेऊन जवळची बाग गाठा. लक्झेंबर्ग बागेतल्या हिरव्या लोखंडी खुर्च्या फुकट आहेत. खोलीत न्यायचं असेल तर बगेट, एखादं चीज, दोन टोमॅटो आणि सोबत आणलेली शेंगदाण्याची चटणी एवढ्यावर रात्रीचं जेवण होतं. लोणी-चटणी लावलेल्या ताज्या त्रादिस्योंपुढे महागडं रेस्टॉरंट झक मारतं, हे माझं ठाम मत आहे. कुणा फ्रेंच माणसाकडे जेवायला गेलात तर पाव ताटाशेजारी थेट टेबलावर ठेवतात, तसाच ठेवा. फक्त उलटा ठेवू नका, जुन्या माणसांना ते अशुभ वाटतं.

बगेट संध्याकाळपर्यंतची. दुसऱ्या दिवशी ती काठीसारखी होते. प्लास्टिकमध्ये घातली तर साल वातड होते आणि फ्रिजमध्ये तर पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. कागदात किंवा सुती फडक्यात ठेवा. खोलीत ओव्हन असेल तर सालीवर पाण्याचा हात फिरवून १८० अंशांवर पाच-सहा मिनिटं ठेवा, तासाभरापुरती पुन्हा जिवंत होते. तोपर्यंत खाऊन टाका, दुसऱ्यांदा ही युक्ती चालत नाही.

भारतात न्यायचा मोह बगेटबाबत आवरा. आंबवलेल्या पिठाचा मोठा गोल पाव, 'मिश', चार-पाच दिवस सहज टिकतो. तो अख्खा घ्या, कापून घेऊ नका, आणि निघायच्या दिवशी सकाळी घ्या. बाकी नातेवाइकांसाठी ब्रिटनीची लोण्याची बिस्किटं पत्र्याच्या डब्यात मिळतात. ती सामानात चुरडत नाहीत आणि डबा नंतर फराळाला कामी येतो.